काचेपलीकडची पाठ

बायकोची पाठ मी लग्नानंतर अकरा वर्षांनी पहिल्यांदा नीट पाहिली, तीही काचेतून.

घरात ती रोज दिसायचीच. पांढुर्ण्याहून माहेरची शिलाई मशीन घेऊन ती सौंसरला आली होती आणि खिडकीशी बसून आळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोरगावच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्यावर माहिती भरायला माणूस हवा होता. टायपिंगची परीक्षा ती माहेरीच पास झाली होती. वयाची अट तीसची. यंदा नाही तर कधीच नाही.

"मले एकदा तरी हजेरीवर सही करून कामाले बसायचं आहे जी," ती म्हणाली.

सरावासाठी मी ओळखीतून एक जुना टाइपरायटर आणला. आमच्याकडे टेबल नव्हतं. आधी तो धान्याच्या पेटीवर ठेवला आणि ती पाटावर बसली. दोन दिवसांत मान आखडली. मग शिलाई मशीनचं डोकं आत दुमडून टाइपरायटर तिच्या फळीवर ठेवला. मी टेपने मापं घेतली. कोपर बटणांच्या पातळीत यावं म्हणून स्टुलाखाली विटा लावल्या. पाय मशीनच्या पायडलवर, म्हणजे जमिनीपासून चार इंच वर. बोटं चालू झाली की पायही चालायचे आणि खाली चाक खडखडायचं. शेवटी मी चाकाचा पट्टा काढला.

"पट्टा काहून काढला जी?"

"नाही तं कागदावर टाके पडतील."

"तुम्ही मापंच घेत बसा. टाके मी पाहतो," ती म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली.

कारखान्यातल्या परीक्षेला मी सोबत गेलो. कॉम्प्युटरची खोली काचेची, आत थंडगार. दाराबाहेर चपला-बुटांची रांग, देवळाबाहेर असते तशी. धूळ आत जाऊ नये म्हणून. आत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत होती आणि मी बाहेर अनवाणी, हात जोडावेत की काय अशा बेतात उभा होतो.

तिच्या आधीची दोन पोरं नागपूरची. दोघंही पडद्यात शिरल्यासारखी वाकून बसली आणि मनगटं झटकत बाहेर आली. मग ती खुर्चीवर बसली. खुर्ची उंच, चाकांची. तिचे पाय जमिनीला टेकेनात. हात बटणांवर गेले आणि थांबले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

ती वळली. पोरं बाहेर येताना दार किलकिलं राहिलं होतं, म्हणून ऐकू आलं.

"साहेब, पायाखाली ठेवाले काही आहे का?"

"बाई, टाइप हातानं करायचं आहे."

पोरं हसली.

"हातानंच करतो साहेब. पण पाय लोंबकळून राहिले तं हात कशाच्या भरवशावर चालतील?"

साहेबांनी तिच्या लोंबकळत्या पायांकडे पाहिलं. मग त्यांनी चपराशाला खूण केली. त्याने छपाईच्या कागदाची भरलेली पेटी आणून ठेवली. तिने दोन्ही पाय त्यावर टेकवले, पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली.

त्यानंतर जे पाहिलं ते सांगताना अजून शब्द पुरत नाहीत. पाठ ओळंबा सोडल्यासारखी सरळ. खांदे स्थिर. मान कागदाकडे तेवढी वळलेली. सगळी हालचाल मनगटाच्या पुढे होती आणि तिथे ती इतकी होती की बोटं वेगळी दिसत नव्हती. हिरव्या ओळी भराभर वर सरकत होत्या. ती घाईत आहे असं मात्र वाटत नव्हतं. माप घेणारा मी. त्या बसण्यातला एक इंचही मी बनवलेला नव्हता. वर्षानुवर्षं खिडकीशी ती हे कमावत होती आणि मी त्याला शिवण म्हणत होतो.

पोरं काचेशी येऊन उभी राहिली.

साहेबांनी ओळी तपासल्या, पुन्हा तपासल्या. "चूक नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "बाई, उद्यापासून येता?"

"उद्या नाही जमत साहेब," ती पेटीवरचे पाय न हलवता म्हणाली. "लग्नघरचे दोन ब्लाऊज द्यायचे आहेत. परवापासून येतो."