प्रार्थनेच्या आधी

आईचा पाय प्लास्टरमध्ये होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी तिच्या खाटेजवळ बसून कॉलेजचा अभ्यास करायचो. दर रविवारी चर्च सुटलं की एक बाई आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन बायकांच्या वॉर्डात प्रार्थना करायला येत. आम्ही बौद्ध, तरी आई हात जोडून ऐकायची. बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या रविवारी मुलीने माझ्या आईजवळ येऊन डोळे मिटले. बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला.

“डोळे उघड, बेटा. पहिले मावशीले विचार, काय पाहिजे.”

मुलीने विचारलं. माझ्याकडे न बघता आई म्हणाली, “संडासले जायचं होतं वो माय. सकाळपासून. पोराले कसं सांगू?”

सकाळपासून मी तिथेच होतो. विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मुलगी बावरली, पण तिने आईला धरून उठवलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“तुम्ही बी जा ना,” मी म्हणालो. “पडली तं?”

“मले येते बाबू हे काम. तिले शिकायचं हाय.”

पण दोघी परतेपर्यंत बाईंची नजर दारावरच होती.

आई खाटेवर टेकली आणि मुलीला म्हणाली, “कर आता प्रार्थना. आता माह्यं बी मन लागंल.”