तांबट आळीची हद्द

एखादी इमारत नव्हे, अख्खी आळीच जपायची ठरली की तिला वारसा परिसर म्हणतात. आधी मोजणी, मग नकाशावर हद्द, मग मसुदा, लोकांच्या हरकती, सुनावणी आणि शेवटी सरकारी मंजुरी. कागदावर हे सगळं फार शहाणपणाचं दिसतं. नाशिकमधल्या एका तांबट आळीचे नकाशे मीच काढले, त्यामुळे त्या शहाणपणाची मला चांगली ओळख आहे.

हे काम बघणाऱ्या वारसा समितीच्या तक्त्यात रकाने होते: खिडक्या, खांब, छप्पर, कोरीवकाम. आत बसून माणसं काय करतात, याला रकानाच नव्हता. समितीचे अध्यक्ष एकदाच आले. रुमालाने नाक झाकून आळीतून चालले आणि मला म्हणाले, "फोटोत ते पत्रे येऊ देऊ नका." त्या पत्र्यांखालीच भट्ट्या होत्या.

सुनावणीला आळीतून एकच माणूस आला. सत्तरीचे तांबटकाका. तांब्यावरचे हातोडीचे ठोके ऐकून ऐकून कमी ऐकू यायचं, म्हणून मोठ्याने बोलायचे.

"दरवाजा जपणार, ठीक. आमच्या कामाचं काय लिहिलंय?"

अध्यक्ष हसले. "काका, वारशाची श्रेणी वास्तूला मिळते, कामाला देता येत नाही."

"मग आळीला तांबटांचं नाव कशाला ठेवता?"

हरकत 'विषयाशी संबंधित नाही' म्हणून निकाली निघाली. ते टिपण मी लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात. त्याची लाज अजून वाटते.

मंजुरी आली. पुढच्याच वर्षी काकांकडे एका देवस्थानाच्या महाप्रसादाचं मोठं पातेलं करायचं काम आलं. ते बाहेर काढायला दाराची चौकट हातभर रुंद करावी लागणार होती. त्यांनी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं: दर्शनी भागात बदल करता येणार नाही. काकांनी वाद घातला नाही. मालेगावच्या रस्त्याला एक शेड भाड्याने घेतली, भट्टी हलवली. त्यांच्यामागून आणखी तिघे गेले.

आळीत आता निळी पाटी आहे, दगडी फरशी आहे आणि रविवारी टोप्या घातलेले पाहुणे आहेत. ठोक्यांचा आवाज नाही म्हणून पाहुणे हिरमुसतात, असं समितीच्या लक्षात आलं. तेव्हा काकांना निरोप गेला: रविवारी तासभर येऊन बसा. काका म्हणाले, "घडवायला काही नसेल तर उगाच ठोकू कशाला?" मग समितीने ठोके रेकॉर्ड करून स्पीकर लावला. विद्वानांची ही सभा, आणि त्यातल्या एकालाही हसू आलं नाही.

त्यानंतर मी समितीचं काम सोडलं. फार उशिरा, हेही खरं.

गेल्या महिन्यात मी काकांच्या शेडवर गेले. काका हंड्याचा गळा घडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या सुनेने चहा दिला. निघताना मी विचारलं, "इथं बरं वाटतं का?"

"इथं बघायला कुणी येत नाही," ते ओरडून म्हणाले, "काम होतं."