नाक्यावरचं कागदी डोकं

कॉलेजची फी भरायला पोरं नाही नाही ती कामं करतात आणि त्यातून एकेक घोटाळे होतात, असा एक विनोदी सिनेमा तेव्हा लालबागला लागला होता. जाहिरातीसाठी थेटरवाल्याने गणपतीच्या कारखान्यातून नायकाचं भलंमोठं कागदी डोकं करून घेतलं. ते घालून बँडमागे नाचायला माणूस हवा होता. माझी फी थकली होती, म्हणून मी ते घातलं. सिनेमातल्या पोराला निदान नायिका तरी मिळाली. मला मिळाला खळीचा वास आणि डोळ्यांत उतरणारा घाम.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे ठाऊक नव्हतं. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आईच्या आजारपणात हात रिकामे झाले तेव्हा मला नादारी मिळाली, फी माफ झाली, असं मी त्यांना सांगून टाकलं होतं. खरं कळलं असतं तर त्या खोकत्या छातीनिशी त्यांनी दुसरी पाळीही धरली असती.

डोक्याच्या उघड्या तोंडातून मला वीतभर रस्ता दिसायचा. काळाचौकीच्या नाक्यावर गर्दी जमली की कुणीतरी ओरडायचं, "ए डोक्या, घोषणा दे रे!" मी आतून "संयुक्त महाराष्ट्र" म्हणायचो आणि अख्खा नाका गर्जायचा, "झालाच पाहिजे!" एकदा त्याच गर्दीत दादा दिसले. माझी पाचावर धारण बसली. पळावं तर पुढे बँड, मागे माणसं. आवाज ओळखतील म्हणून घोषणा गिळली आणि नुसत्या माकडउड्या मारल्या. दादा पोट धरून हसत होते. ते इतकं हसू शकतात हे मला माहीतच नव्हतं. आत मला फार बरं वाटलं.

घरी त्यांनी आईला त्या उड्या मारून दाखवल्या. माझ्याच उड्या.

"त्या सिनेमातल्या पोरासारखी फीसाठी असली सोंगा करूची येळ आमच्या झिलार नाय इली, देवाची कृपा," ते म्हणाले. मग आपल्या झिलाकडे, म्हणजे माझ्याकडे, वळले. "उद्या कॉलेज सुटला की नाक्यार ये. मी थंयच उभो असतलंय. दोघांनी मिळान बघू."

"माका उद्या उशिरापर्यंत तास आसत."

"एक दिवस चुकव रे! बापाबरोबर हसलंस म्हणान काय नापास होवचंस नाय."

नाचायला गेलो नाही तर काम जाणार, काम गेलं की कॉलेज. पण ते सांगणार कुणाला? "येतंय," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दादा धुतलेला सदरा घालून पानाच्या गादीपाशी उभे होते. शेजारी माझ्यापुरती जागा धरून ठेवली होती; कुणी घुसलं की त्याला हाताने मागे सारत होते. मी अगदी त्यांच्यासमोर गेलो. आदल्या दिवसापेक्षा उंच उड्या मारल्या, गिरक्या घेतल्या, जीव तोडून नाचलो. गर्दी हसली. दादा हसले नाहीत. ते त्या कागदी डोक्याच्या पलीकडे रस्त्याकडे बघत होते, मी येतोय का ते.