माझ्या कमरेतून नात बोलली

"आजी, मी पळाले! आठशे मीटर, पहिल्या चौघींत! आता गोळा राहिलाय. पप्पांना एवढ्यात सांगू नकोस हं!"

माझ्या कमरेला खोचलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून नात ओरडली आणि तिचे पप्पा, म्हणजे माझा मुलगा, माझ्यापासून चार हातांवर चिखलात उभा होता. पॉवर टिलर त्यानं नुकताच बंद केला होता. एरवी तो टिलर असा भडभडतो की शेजारी माणूस मेलं तरी कळायचं नाही. नेमका तेव्हाच गप्प.

भातलावणीला आलेल्या दहाही बायका रोपाच्या मुठी हातात धरून वाकल्या होत्या, तशाच राहिल्या.

नात भोरला वसतिगृहात राहून कॉलेज करते. मुलानं तिच्यासाठी हिर्डोशीचं स्थळ बघून ठेवलं होतं. लावणी उरकली की पाहुणे येणार होते. पोरीनं मात्र कुणाला न सांगता पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता. कुणाला न सांगता म्हणजे मला सांगून. बापाला कळलं असतं तर त्यानं तिला पहिल्या एसटीनं आमच्या गावी पासलीला आणून घरात बसवलं असतं. तेव्हा मैदानी चाचणी होईपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

माझी चौथी झालेली. लिहिलेलं वाचते, पण बोट ठेवून. म्हणून नात मला बोलून निरोप पाठवते. तिचा निरोप आला की मोबाईल टिंग करतो आणि मुलगा विचारतो, "कुणाचा गं, आये?" म्हणून मागच्या खेपेला आली तेव्हा नातीनं मला आवाज बंद करायला शिकवलं. तिच्या नावावर जायचं, वरचे तीन ठिपके दाबायचे, मग आवाज बंद. तिथं तो विचारतो, किती वेळ? आठ तास, एक आठवडा की नेहमी. ती म्हणाली, "आजी, नेहमी दाब." मी हो म्हटलं. जावेला तर मी सांगितलंही, आता माझा मोबाईल माझ्याइतकाच पोटात ठेवणारा झालाय.

पण 'नेहमी' दाबायला माझा हात होईना. नातीचा आवाज कायमचा बंद? म्हणजे ती मेल्यातच जमा की. शिवाय मला 'आठ तास' पटलं. आमच्याकडे रोजाचा दिवस आठ तासांचा. बाई सकाळी खाचरात उतरते, संध्याकाळी पाय धुते, झाले आठ तास. रात्र कोण धरतं त्यात? म्हणून आदल्या संध्याकाळी भाकरी खाऊन झाल्यावर मी आठ तास दाबले आणि निवांत झोपले. मोबाईलनं माझी झोपही मोजली. पहाटे मी चूल पेटवली तेव्हा त्याचा रोज भरून गेला होता.

तरी सकाळभर काही वाजलं नाही. त्याला कारण माझी हुशारी नव्हे. खालच्या खाचरात रेंज येत नाही. दुपारी आम्ही वरच्या खाचरात चढलो आणि तिथं रेंज येते, हे मला पासलीत नांदायला आलेल्या नव्या सुनेपेक्षा जास्त ठाऊक. कॉल करायला मीच तिथं जाते. तरी विसरले.

बांधावर पाय ठेवला आणि टिंग. मग टिंग, टिंग, टिंग.

मुलानं नेमका तेव्हाच टिलर थांबवला होता. "कुणाचा वाजतोय?"

"असंल कुठली तरी जाहिरात," मी म्हटलं.

"जाहिरात चारदा?"

मी घाईनं पिशवी चाचपली. अंगठ्याला चिखल, वर प्लॅस्टिक, आत मोबाईल. नातीनं शिकवलेले तीन ठिपके मला दिसेनात. जे हाताला लागलं ते दाबलं. आवाज बंद करायला गेले आणि आवाजच लावला. डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून तोही मी पूर्ण वाढवून ठेवलेला. तोरण्यावरच्या माणसालाही कळलं असेल की गोळा राहिलाय.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "आये, ती कॉलेजात हाय ना?"

"न्हाई."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय. फॉर्म भरल्यापास्नं."

"आन् मला कोन सांगनार? पावनं येनार हायती! त्यांला काय सांगू, पोरगी पळाली?"

माझी धाकटी जाऊ रोपं लावता लावताच म्हणाली, "पहिल्या चौघींत पळाली म्हनावं. एवढं सांगितलंस तर कोन नावं ठेवतंय, बाबा?"

बायका हसल्या. मुलगा नाही हसला. मला म्हणाला, "एक गोष्ट पोटात ठेवता येत न्हाई तुला, मग कशाला लपवाया गेलीस?" हे मात्र खरं होतं. त्यानं टिलर सुरू केला आणि अंधार पडेपर्यंत थांबवला नाही.

जेवताना त्यानं विचारलं, "गोळ्याचं काय झालं?"

मी मोबाईल पुढं केला. चारातले तीन निरोप ऐकायचे राहिले होते. त्यानं ते ऐकले. गोळाही बरा गेला होता. मग त्यानं वरच्या खाचराच्या बांधावर जाऊन हिर्डोशीला फोन लावला आणि लेखी परीक्षा झाल्यावर या म्हणून सांगितलं. पाहुण्यांना ते आवडलं की नाही, ते मला त्यानं सांगितलं नाही.

नात लेखीला बसली. निकाल अजून यायचाय. मी 'नेहमी' अजून दाबलेलं नाही.

त्या दिवशी वरच्या खाचरात दहा बायका होत्या, माझा मुलगा होता, पण नातीचं गुपित फोडलं ते माझ्या चिखलाच्या अंगठ्यानंच.