पालवी फुटलेली मोटार

लेओकादी ब्रासारचे हात टोपल्या विणत आणि तोंड माणसं सोलत असे. बूसीए गावातल्या निम्म्या बायकांना विणकाम तिनेच शिकवलं होतं आणि शिकवताना झाडून साऱ्यांना रडवलंही होतं. पण तिच्या टोपलीचं बूड कधी निसटलं, असं तिच्या शत्रूनेही म्हटलं नसतं.

सफरचंदं काढताना झाडावरून पडून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून काठीवर घर ते टोपल्यांचा वाळुंजाचा फोक भिजवायचं कुंड, एवढंच तिचं जग उरलं. घोडागाडीच्या लोखंडी धावांचे हादरे त्या हाडाला सोसत नसत. रविवारी दोन बाप्ये तिला खुर्चीसकट चर्चमध्ये नेत आणि पाद्रीबाबा दारातूनच विचारत, “आणली का लेओकादीला?”

“आणली म्हणे. मी काय बटाट्याचं पोतं आहे?” ती दर रविवारी पुटपुटे, आणि प्रार्थनेत तिचं लक्ष लागत नसे.

तिची धाकटी बहीण झेली लांडगेचढ नावाच्या खड्या चढणीपलीकडे, सोर्बीला दिली होती. सोर्बीच्या जत्रेला झेली तार्त, म्हणजे साखर पेरलेली जाड गोड रोटी, भाजे आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ताईला धाडे. ती पोचेपर्यंत गार आणि चपटी झालेली असे. झेलीच्या स्वयंपाकघरात बसून ती तार्त गरम गरम खायची, एवढीच लेओकादीची इच्छा होती. आणि नेमकी तीच पुरी होण्यासारखी नव्हती.

अशात शेजारच्या एव्हारिस्त लोहाराच्या डोक्यात मोटारीचं वारं शिरलं. शहरात मोटारी दिसू लागून काही वर्षं झाली होती, मग आपण का मागे राहायचं? पाण्याच्या पंपाचं जुनं इंजिन त्याने तीन चाकांवर बसवलं. वर ओकच्या फळ्यांची पेटी ठोकली, तर गाडी चर्चपर्यंत जाऊन वजनाने बसली. मग पत्रा लावला. गाडी चालली, पण खडखडाटाने गल्लीतल्या कोंबड्या अंडी घालेनाशा झाल्या.

“एव्हारिस्त, तुझं यंत्र माझ्या टोपलीत बसव,” लेओकादी म्हणाली. “हलकी असते, लवते, हादरे खाते. मजुरी नको. जत्रेला मला झेलीकडे न्यायचं.”

“मावशी, टोपलीची मोटार? लोक हसतील.”

“आत्ता काय रडताहेत का?”

तिने मोटार विणायला घेतली. पावाच्या टोपलीला सोललेला फोक, ओझ्याच्या टोपलीला सालीसकट, हा तिथला रिवाज. माणसं म्हणजे ओझंच, म्हणून तिने सालीचा फोक घेतला. पण वाळलेला फोक भिजवायला वेळ लागतो आणि जत्रा तर तोंडावर आलेली. तेव्हा सोलण्यासाठी कुंडात पाय बुडवून उभ्या केलेल्या वाळुंजाच्या जुड्याच तिने उचलल्या. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिने तिला कुंडात ढकललं असतं. तो फोक जिवंत असतो.

विणलेली पेटी एव्हारिस्तने भट्टीमागच्या चिखलात ठेवली. वर पावसाची झड लागली. पाऊस उघडल्यावर पाहतात तो मोटारीला पालवी फुटलेली.

सगळा गाव पाहायला लोटला. “काय रे, पेट्रोल घालतोस की पाणी?” “छाटणी कधी करायची म्हणतोस?” एव्हारिस्त लाल झाला. सोर्बीच्या जत्रेत शहरातले साहेब चकचकीत मोटारी घेऊन येणार होते.

“कुंपणावर बसून मी त्यांच्यासमोर जाणार नाही, मावशी.”

“नको जाऊस. मी जाते. दांडा कुठे वळवायचा आणि ब्रेक कुठे ओढायचा, तेवढं दाखव.”

आपलं इंजिन एकटं जाऊ द्यायला त्याचं मन होईना. जत्रेच्या सकाळी तो फुरंगटलेल्या तोंडाने दांड्यापाशी बसला, शेजारी नवी टोपी घालून लेओकादी. रस्त्यातले खड्डे टोपली गिळत होती आणि खुबा गप्प होता. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ती ते बोलूनही दाखवत होती.

लांडगेचढाच्या मध्यावर इंजिन खोकलं आणि गाडी थांबली.

“ओला फोक जड असतो. चूक माझी,” लेओकादी म्हणाली. एव्हारिस्तने हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी हत्यारांची पेटी खाली ठेवली. झेलीसाठी आणलेलं चीज ठेवलं. गाडी वीतभर सरकली.

आता उरली दोन माणसं. त्यातल्या एकालाच पाय होते.

पोरवयापासून घोड्यांना नाल ठोकत आलेल्या त्या माणसाने लांडगेचढ घोड्याशिवाय चढायचं स्वप्न पाहिलं होतं. त्याला रडूच येणार होतं. पण त्याने तिच्या काठीकडे पाहिलं आणि दांडा तिच्या हातात दिला.

“वर पोचलीस की थांब, मावशी. मी येतो.”

त्याने मागून खांदा लावला. पानं तोंडात जात होती. इंजिनाने दम धरला आणि गाडी त्याच्या खांद्यावरून सुटून वर गेली. माथ्यावर लेओकादीने ब्रेकवर हात ठेवला. खाली सोर्बीची कौलं दिसत होती. थांबलं तर इंजिन पुन्हा चालू करणार कोण, असा विचार तिने केला. खरं तर तिला थांबायचंच नव्हतं.

एव्हारिस्त धापा टाकत माथ्यावर आला, तेव्हा त्याची हिरवीगार मोटार उताराने चालली होती, सरळ, दांडा जराही न डगमगता. त्याला राग आला, मग हसू आलं. अभिमानही वाटला. तो तिथेच धोंड्यावर बसला.

सोर्बीत शहरी साहेबांनी मोटारी बाजूला घेऊन वाट दिली. गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा झेली पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली.

“अगंबाई, ताई! कुणी आणलं गं तुला?”

लेओकादीने टोपी सारखी केली.

“मी आले,” ती म्हणाली. “एव्हारिस्तला आणायला मात्र कुणाला तरी पाठव.”