एक बत्ती खाली राह्यली

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या. भुतापेक्षा आम्हाला ऑडिटची भीती जास्त. आणि हा अनुभव पिंपळाखालचा वगैरेही नाही... दुपारी सव्वाचारचा, ट्यूबलाइटखालचा, एक्सेलच्या फाईलमधला. हसा खुशाल. मीही हसलो असतो.

वणीजवळ राजूर भागातल्या एका भुयारी कोळसा खाणीत मी क्लार्क आहे. माझी जागा लॅम्प रूममध्ये. खाली उतरणारा प्रत्येक माणूस इथून आपल्या नंबरची, टोपीला लावायची बत्ती नेतो आणि वर आला की चार्जिंगच्या रॅकवर परत अडकवतो. बत्ती आली म्हणजे माणूस आला. सगळा कारभार एवढ्यावर.

याची फाईल माझ्या आधीचे क्लार्क रफीकभाई यांनी बनवली. स्वतःच शिकून त्यांनी तिच्यात मॅक्रो टाकला होता, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम. तो एकेका नंबराला विचारायचा, आली का? एक जरी बत्ती कमी असली तरी फाईल बंद होऊ द्यायचा नाही. सकाळी वरची पिवळी पट्टी दाबून मॅक्रोला परवानगी दिली की दिवसभर बघायला नको.

मग हेड ऑफिसचं फर्मान आलं. मॅक्रोतून व्हायरस येतात, सबब सगळ्या कॉम्प्युटरवर मॅक्रो बंद. सेटिंग अशी, की पिवळी पट्टीसुद्धा दिसणार नाही! मी तीन मेल केले. उत्तर एकच — ‘आपली विनंती पुढे पाठवली आहे.’ पुढे म्हणजे कुठे, देव जाणे. तेव्हापासून अडुसष्ट माणसांच्या परतीच्या वेळा हाताने टाईप करणं आलं.

त्या दिवशी मला साडेचारची बस गाठायची होती. पहिल्या ओळीत चार वाजून दहा लिहिलं आणि माउसने खाली ओढलं. तर त्या शहाण्या शीटने प्रत्येक ओळीत एकेक तास वाढवत नेला. एक शिवी हासडली, कंट्रोल दाबून पुन्हा ओढलं. अडुसष्ट गेले, अडुसष्ट आले. मी फाईल बंद करायला गेलो.

मधोमध एक चौकट उघडली. ‘एक बत्ती खाली राह्यली. जाऊन पाय.’

‘पाय’ म्हणजे पाहा, इकडची बोली. मी ओके दाबलं. पुन्हा तीच. पुन्हा ओके, पुन्हा तीच. फाईल जबरदस्तीने मारली, परत उघडली — चौकट हजर! कॉम्प्युटर विभागातल्या मॅडमना फोन लावला.

“सर, तुमच्या मशीनवर मॅक्रो चालूच शकत नाही,” त्या म्हणाल्या.

“अहो मॅडम, माझ्या नाकासमोर चालतोय!”

“सर, रीस्टार्ट करून बघा.”

डोकं फिरलं. बस तर गेलीच होती. म्हटलं, आता या मशीनला खोटं पाडूनच घरी जातो, आणि रॅकवर जाऊन एकेक बत्ती मोजली.

सदतिसाव्या नंबरची खुंटी रिकामी होती.

सदतीस म्हणजे आत्राम. माझ्या शीटमध्ये तो चार वाजून दहा मिनिटांनी वर आलेला होता. मी स्वतःच त्याला वर ओढून आणलं होतं, माउसने.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी बोंबलत पळालो, माणसं खाली उतरली. एका बाजूच्या गल्लीत आत्राम सापडला, पायावर दगड आलेला, बत्ती मंद होत चाललेली. त्याला वर आणलं. स्ट्रेचरवरून त्याने माझ्याकडे पाहिलं. “बाबू, मले वाटलं का आज आपल्याले कोणी गिनलंच नाही.”

मला रडूच आलं.

चौकशीत मी लिहून दिलं, ‘नजरचुकीने नोंद झाली.’ नजर टाकलीच नव्हती, ती चुकणार कुठून?

रविवारी फाईल लॅपटॉपवर घेऊन नेरला रफीकभाईंच्या घरी गेलो. निवृत्तीनंतर ते तिथेच असतात. सगळं ऐकून म्हणाले, “जोशीबाबू, मी तं जित्ता आहो. मले कायले भूत बनवून राह्यले?”

“मग हे मराठीत कोणी लिहिलं?”

“मराठीत? त्याच्यात मराठी उमटतच नाही, सारे प्रश्नचिन्ह येते. म्हणून मी इंग्रजी अक्षरात लिहिलंतं, ‘1 LAMP BAKI’. उघडा, पाहू.”

मॅक्रोची खिडकी उघडली. त्यांची इंग्रजी ओळ होती. तिच्या वर आणखी एक होती, सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह मारून ठेवलेली, म्हणजे जी कधी चालतच नाही, नुसती पडून असते.

?? ????? ???? ???????. ???? ???.

“हे काय?”

“पयले मराठीत लिहून पाह्यलंतं. गेलं पुसून. काय लिहिलंतं ते आता याद नाही.”

मी कागद घेतला. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं करून त्या चौकटीतलं वाक्य लिहिलं आणि प्रश्नचिन्हांखाली लावलं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. रफीकभाईंनी बोटांवर दोनदा मोजलं आणि चहा तसाच ठेवून आत निघून गेले.

मॅक्रो बंद होता. ओळ मेलेली होती, अक्षरं पुसलेली होती. शीटमध्ये तर अडुसष्टच्या अडुसष्ट वर आलेले होते, माझ्या कृपेने. कॉम्प्युटर विभागाने माझी तक्रार ‘दोष आढळला नाही’ म्हणून बंद केली. कोणाकडे उत्तर असेल तर सांगा बाबांनो, माझ्याकडे नाही. चौकट पुन्हा कधी आली नाही.

मॅक्रो अजून बंदच आहे. मी आता एकेक नंबर रॅकवर बघून टाईप करतो. बस चुकते, चुकू दे. ओढल्याचं मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही; आज इथे पहिल्यांदाच लिहितोय.

आत्राम कामावर परत आलाय, जरा लंगडतो. बत्ती खुंटीवर लावली की खिडकीशी येऊन उभा राहतो, आणि मी त्याची ओळ भरेपर्यंत हलत नाही.

“गिनलं ना, बाबू?” तो रोज विचारतो.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवतो. त्याच्या डोळ्यांकडे बघायला मला अजून जमत नाही.