इथे बघू नकोस

आमच्या कोडमधल्या सुरक्षेच्या फटी शोधणारा स्कॅनर प्रोग्रॅम आमच्याच ऑफिसात, कोपऱ्यातल्या मशीनवर चालतो. रुग्णालयांचं सॉफ्टवेअर आहे. त्यातली एक ओळही बाहेर जाता कामा नये. संध्याकाळी त्या मशीनचा पंखा घरघरायला लागला की समजायचं, स्कॅन सुरू झाला. काल एक ओळ लाल झाली. तिथून कुणालाही, पासवर्डशिवाय, रुग्णांची माहिती दिसू शकते.

ती फट बुजवली की बिलं निघायची बंद होतात. आज दिवसभर झटून पाहिलं. शेवटी माझे वरिष्ठ शिरीषदादा शेजारी येऊन बसले. त्या ओळीच्या वर त्यांनी स्कॅनरसाठी एक सूचना लिहिली: इथे बघू नकोस. तशी सोय असते. पुन्हा स्कॅन लावला, तर सगळं हिरवंगार.

"झालं की," दादा म्हणाले, पण माझी नजर टाळून.

मला त्या हिरव्या रंगाचा संताप आला. बघू नकोस म्हटलं की बघायचंच नाही, हा कसला शहाणपणा? पण बघून तरी मी काय करणार होते? फट तिथेच होती, आणि माझे हात रिकामे.

तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"रडत होतीस का गं?"

"छे, सर्दी झालीय जरा."

बाबा गेल्यापासून आईला रोज संध्याकाळी सर्दी होते.

"मग वाफ घे," मी म्हणाले.